गांवचें दप्तर आणि गांवचें संग्रहालय

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि किल्ले उभे राहतात. परंतु ज्या कागदांच्या आधारें हा इतिहास लिहिला गेला ते कागद कोठें होते, ते कोणीं जपले आणि कोणीं पुढें आणून दिले, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. आज मी त्याविषयींच चार शब्द सांगणार आहें. मी कांहीं संशोधक नव्हे. मुलांना इतिहास शिकवून सेवानिवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. परंतु इतिहासमंडळें आणि त्यांचीं संग्रहालयें हीं तुम्हां-आम्हां सर्वांचीं आहेत, एवढें सांगण्यास फारशा विद्वत्तेची गरज नाहीं.

एक उदाहरण घेऊं. श्रीशिवछत्रपतींचा जन्म शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ मध्यें झाला, असें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सामान्यतः मानीत असत. भोर तालुक्यांत रायरेश्वराच्या परिसरांत कारी नांवाचें एक लहानसें गांव आहे. १६५९ सालीं अफझलखान चालून आला त्या वेळीं महाराजांच्या पाठीशीं उभे राहिलेले कान्होजी जेधे ह्यांच्या घराण्याचें तें गांव. ह्या घराण्याच्या दप्तरांत एक शकावली होती. शकावली म्हणजे कोणत्या शकांत, कोणत्या तिथीस काय घडलें ह्याचें टांचण. त्यांत वर्णन नाहीं, अलंकार नाहीं, नुसत्या नोंदी. जेधे देशमुखांनीं ती शकावली लोकमान्य टिळकांच्या हवालीं केली व टिळकांनीं १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें ती प्रसिद्ध केली. महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेस झाला असें तींत नमूद आहे. इंग्रजी गणनेप्रमाणें तो दिवस १९ फेब्रुवारी १६३० हा होय.

एका कागदावरून सिद्धान्त ठरत नाहीं, हें खरें. परंतु पुढें तंजावर येथें कवींद्र परमानंदाचें शिवभारत सांपडलें आणि १९२७ सालीं तें मराठी भाषांतरासह छापून निघालें. त्या संस्कृत काव्यांतही हीच तिथि निघाली. जोधपुरास एका ज्योतिष्याच्या संग्रहांत महाराजांची जन्मपत्रिका मिळाली. तिनेंही ह्याच तिथीस पुष्टि दिली. कोठें मावळांतलें कारी, कोठें कावेरीकांठचें तंजावर आणि कोठें मारवाडांतलें जोधपूर! एकमेकांस न ओळखणाऱ्या तीन ठिकाणच्या तीन साक्षी एक झाल्या. वाद बरींच वर्षें चालला; अखेर २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी हीच तारीख मान्य केली. कारीचें तें दप्तर एखाद्या पावसाळ्यांत भिजून गेलें असतें, अथवा वाळवीनें खाल्लें असतें, तर ह्या साखळीची पहिली कडीच निखळली असती.

ज्या मंडळानें ती शकावली छापली त्याची स्थापना ७ जुलै १९१० रोजीं पुण्यांत झाली. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे तिचे प्रवर्तक. त्याच्या आधीं बारा वर्षें, १८९८ सालीं, राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला होता. पानपतच्या सुमाराचीं अस्सल पत्रें त्यांना वाईस मिळालीं होतीं. पुढें हा मनुष्य आयुष्यभर गांवोगांव हिंडला. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरांत, कोणाच्या बळदांत जीं दप्तरें पडलेलीं होतीं तीं त्यानें पाहिलीं, वाचलीं, उतरून घेतलीं. आणि ह्या मालेचे २२ खंड निघाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें त्यांचा अंत झाला. धुळेकरांनीं त्यांचें स्मारक कसें केलें? १९२७ सालीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ काढलें आणि त्यांचे कागद, टिपणें व संग्रह जतन केले. एका गांवानें एका विद्वानाचें ऋण फेडावें तें असें.

आज पुण्याच्या मंडळांत सुमारें १५ लक्ष ऐतिहासिक कागद आहेत. शिवाय हजारों पोथ्या, नाणीं, चित्रें व ताम्रपट आहेत. ह्या कागदांचा फार मोठा भाग कोणा ना कोणा कुटुंबाच्या घरांतून आलेला आहे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, पाटील, सावकार, मठपति अशा घरांनीं आपले रुमाल सोडून दिले, म्हणून ही संपत्ति एकत्र झाली. संस्था कपाटें देईल, अभ्यासक देईल, सूचि करील. परंतु कागद देणार तो समाजच.

संग्रहालयांत कागदच असावे असेंही नाहीं. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर ह्यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, कुलुपें, स्वयंपाकाचीं भांडीं, दाराच्या चौकटी अशा आपल्या रोजच्या संसारांतल्या वस्तु त्यांनीं वेंचल्या. अकालीं गेलेल्या आपल्या लहान मुलाचें, राजाचें, नांव त्यांनीं त्या संग्रहास दिलें आणि १९७५ सालीं वीस हजारांच्या घरांतला तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. जी वस्तु आपण मोडीच्या भावानें विकतों तिच्यांतच आपल्या आजी-पणजीच्या हातांचा इतिहास असतो, हें केळकरांनीं महाराष्ट्रास दाखवून दिलें.

आतां अलीकडची एक वार्ता सांगतों. जुलै २०२४ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतलीं वाघनखें सातारच्या शासकीय संग्रहालयांत दर्शनासाठीं ठेवण्यांत आलीं. लोकांनीं तीं उत्सुकतेनें पाहिलीं. हीं वाघनखें सातारचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ ह्यांच्या संग्रहांतलीं. परंतु अफझलखानाच्या वेळीं वापरलीं तीं हींच, असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, हें त्या लंडनच्या संग्रहालयानें स्वतःच स्पष्ट केलेलें आहे. कारण उघड आहे. १६५९ पासून ग्रँट डफच्या हातीं येईपर्यंत तीं कोणाच्या घरीं होतीं, ह्याची अखंड नोंद नाहीं. श्रोतेहो, वस्तु राहिली आणि तिची हकीकत हरवली, तर इतिहासाचा अर्धा जीव जातो. म्हणून संग्रहालयांत वस्तु देतांना ती कोणत्या घरची, कोणत्या गांवची, कोणापासून आली व कशी वापरीत, हें चार ओळींत लिहून देणें हें वस्तु देण्याइतकेंच महत्त्वाचें आहे.

दुसरी वार्ता २०२५ सालची. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडन येथें लिलांवांत निघाली. महाराष्ट्र शासनानें ती मिळविली आणि ऑगस्ट महिन्यांत ती मुंबईस आली. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु सातासमुद्रांपलीकडे गेलेली तलवार परत आणण्यास द्रव्य लागतें. आपल्या माळ्यावरचें दप्तर खालीं उतरविण्यास एक शिडी पुरते. पहिल्या गोष्टीची मिरवणूक निघते आणि दुसरी गोष्ट करावयास सवड होत नाहीं, हें मात्र शोचनीय आहे.

आणि सवड तर थोडीच उरली आहे. जुने वाडे पाडून नव्या इमारती उठत आहेत. भाऊ-भाऊ वेगळे निघाले कीं भांड्यांची वांटणी होते. दप्तराचा वारसदार कोणीच नसतो. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी लिपि शाळांतून उठली. त्यामुळें घरांतल्या मंडळींना आपल्याच आजोबांचें अक्षर परकें झालें आहे. जें वाचतां येत नाहीं तें निरुपयोगी वाटतें, व निरुपयोगी वाटलें तें रद्दींत जातें. तांब्याचे पट भांड्यांसाठीं वितळले, आणि वीरगळांवर कोठें कोठें धुणें धुतलें जातें.

कांहीं मंडळींच्या मनांत शंका असते कीं, कागद दिले तर ते परत मिळतील काय? जमिनीचा कांहीं हक्क त्यांत असला तर? ही शंका अवास्तव आहे असें मी म्हणणार नाहीं. ती दूर करणें हें मंडळांचें काम आहे. कागद घेतांना रीतसर पावती द्यावी. त्यांची छायाचित्रें काढून एक प्रत त्या घरीं ठेवावी. देणगीदाराचें नांव वस्तूखालीं लिहावें. आणि ज्यांना मूळ कागद घरींच ठेवावयाचे असतील त्यांच्याकडून नुसती छायाचित्रें घेऊनही संतोष मानावा. जें संग्रहालय वर्षांतून एकदांच उघडतें त्यास लोकांनीं आपलें कां म्हणावें? उलट जेथें शाळेंतलीं मुलें येतात, व्याख्यानें होतात, मोडीचे वर्ग चालतात, तेथें लोक आपण होऊन गांठोडीं घेऊन येतात.

आपण काय करावें? प्रथम घरांतले जुने कागद उन्हांत न टाकतां सावलींत झटकून कोरड्या सुती रुमालांत बांधावे. फाटक्या कागदास चिकटपट्टी लावूं नये. ती पुढें कागद खाते. मग त्यांची एक याद करावी. घरांतलीं वडील माणसें त्यांविषयीं जें सांगतात तें त्यांच्या हयातींतच लिहून ठेवावें. जवळच्या मंडळास कळवावें. आणि ज्या तरुणांस सवड आहे त्यांनीं मोडी शिकावी. चिकाटीनें रोज तासभर बसलें तर कांहीं महिन्यांत ती वाचतां येऊं लागते.

कारीच्या त्या घराण्यानें आपलें टांचण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलें, तेव्हां तें पुढें महाराष्ट्राच्या एका उत्सवाचा दिवस ठरविणार आहे हें कोणास ठाऊक होतें? आपल्या माळ्यावरच्या गांठोड्यांत काय आहे हेंही तें सोडून पाहिल्यावांचून कळणार नाहीं. येत्या सुटीच्या दिवशीं तें एकदां खालीं उतरवावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.