यंत्ररेखन आणि लोखंडी नांगर

मुंबई इलाख्यातील अभियांत्रिकी शिक्षणाचा प्रारंभ सरकारी गरजेतून झाला. १८५४ साली पुण्यात उघडलेल्या वर्गाचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यास दुय्यम अधिकारी पुरविणे हा होता. नेमून दिलेले काम अचूक करणारा मनुष्य तेथे घडावा, अशी अपेक्षा; कोणते काम करावयाचे हे ठरविणारा नव्हे.

१८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यंत्ररेखन शिकवू लागले. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावी आले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. परंतु सुमारे दोन वर्षे तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

हा प्रसंग सामान्यतः शेतकऱ्यांच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. ते आम्हांस पटत नाही. लाकडी नांगरासही फाळ लोखंडाचाच असे. तेव्हा आक्षेप केवळ धातूस नसावा. जुना नांगर मोडला तर गावचा सुतार किंवा लोहार बलुत्यावर तो नीट करून देई. बिडाचा ओतीव भाग तडकल्यास जावे कोणाकडे? हा प्रश्नही रचनेचाच भाग होय; यंत्ररेखनाच्या कागदावर मात्र तो उमटत नाही. लक्ष्मणरावांना तो न खपलेल्या मालाने शिकविला असावा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर, १९१० साली.