गांधीहत्या खटल्यातील शस्त्रे

गांधीहत्या खटल्यातील शस्त्रे म्हणजे जानेवारी १९४८ मध्ये दिल्ली येथे महात्मा गांधींच्या हत्येच्या कटासाठी जमविलेली अग्निशस्त्रे होत. त्यांपैकी दोन रिव्हॉल्व्हर २० जानेवारीच्या फसलेल्या प्रयत्नासाठी आणली गेली होती. तिसरे शस्त्र, म्हणजे इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल, ३० जानेवारी रोजी प्रत्यक्ष हत्येसाठी वापरले गेले. ही शस्त्रे परवान्याविना हातोहात फिरलेली, जुनी शस्त्रे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी शस्त्रे खासगी हातांत कशी पोहोचत होती, याची कल्पना त्यांच्या इतिहासावरून येते.

पार्श्वभूमी

कटाचे मुख्य केंद्र पुणे होते. नथुराम गोडसे व नारायण आपटे हे तेथून वृत्तपत्र चालवीत असत. दिगंबर बडगे हा पुण्यात ‘शस्त्रभांडार’ नावाचे दुकान चालवीत असे. सुरे, खंजीर अशा हत्यारांबरोबरच तो बंदुका व स्फोटकांचा चोरटा व्यापारही करी. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. नथुरामचा धाकटा भाऊ गोपाळ गोडसे खडकी येथील लष्करी वाहनांच्या सुट्या भागांच्या आगारात भांडारपाल होता. युद्धकाळात त्याने इराण-इराकमध्ये नोकरी केली होती.

२० जानेवारीची रिव्हॉल्व्हर

पहिले रिव्हॉल्व्हर गोपाळ गोडसेने आणले होते. ते .३८ व्यासाचे लष्करी रिव्हॉल्व्हर होते. दुसरे .३२ व्यासाचे होते. बडगेच्या साक्षीनुसार नथुरामने त्याला एक लहान पिस्तूल दिले होते व त्याच्या बदल्यात त्याने पुण्यातून हे रिव्हॉल्व्हर मिळविले.

२० जानेवारीच्या सकाळी दिल्लीतील हिंदू महासभा भवनामागील जंगलात दोन्ही शस्त्रांची चाचणी झाली. गोपाळच्या रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र नीट बसत नव्हते. दुसऱ्यातून झाडलेली गोळी समोरच्या झाडापर्यंतही पोहोचली नाही. तेल व चाकू आणून दुरुस्ती चालू असताना काही वनरक्षक तेथे आले. त्यांच्यापैकी एकाची साक्ष पुढे खटल्यात बडगेच्या निवेदनाला पूरक ठरली.

त्याच सायंकाळी बिर्ला भवनात मदनलाल पहवा याने गनकॉटनचा स्फोट केला. स्फोटाच्या गोंधळात गांधींवर गोळ्या झाडावयाच्या, अशी योजना होती. मात्र बडगेने ऐन वेळी माघार घेऊन रिव्हॉल्व्हर टॅक्सीतील पिशवीत ठेवून दिली. मदनलाल जागीच पकडला गेला आणि इतर आरोपी दिल्लीतून निसटले.

बेरेटा पिस्तूल

त्यानंतर नथुराम व आपटे यांनी मुंबईत परिचितांकडे रिव्हॉल्व्हर मागितले; पण ते मिळाले नाही. २७ जानेवारीला ते विमानाने दिल्लीस व तेथून रेल्वेने ग्वाल्हेरला गेले. सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार डॉ. दत्तात्रय परचुरे व गंगाधर दंडवते यांच्यामार्फत ५०० रुपयांना हे पिस्तूल ठरले. त्यांपैकी ३०० रुपये तेव्हाच देण्यात आले. २९ जानेवारीला दोघे पिस्तुलासह दिल्लीस परतले.

हे पिस्तूल बेरेटा कंपनीच्या १९३४ च्या नमुन्याचे असून त्याचा क्रमांक ६०६८२४ होता. दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैन्य हा नमुना वापरीत असे. त्यात ९ मिलिमीटर व्यासाची आखूड काडतुसे वापरली जात व मॅगझिनमध्ये सात काडतुसे मावत. गोळी सुटताच मागे येणाऱ्या धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाऊन पुढचे काडतूस आपोआप नळीत भरले जाई. ॲबिसिनियातील इटालियन सैन्याकडून ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यातील एका अधिकाऱ्याच्या हाती पडून ते भारतात आले, असे अनेक लेखनांत नमूद आहे.

३० जानेवारी रोजी सायंकाळी पाचनंतर प्रार्थनास्थळी जात असलेल्या गांधींवर नथुरामने जवळून तीन गोळ्या झाडल्या. तो पिस्तुलासह जागीच पकडला गेला.

खटला

लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. नथुराम व आपटे यांना फाशीची, तर परचुरे यांच्यासह पाच जणांना जन्मठेपेची शिक्षा झाली. परचुरे यांनी आपला कबुलीजबाब नंतर नाकारला होता. पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने त्यांना व शंकर किस्तय्या याला निर्दोष सोडले. दंडवतेसह तीन आरोपी फरारी राहिले. त्यामुळे पिस्तूल पुरविल्याबद्दल ग्वाल्हेरमधील कोणाचीही शिक्षा अखेरपर्यंत टिकली नाही.

चौकशी व कायदा

मदनलालच्या अटकेनंतर हत्येपर्यंत दहा दिवस मिळाले होते. एका वृत्तपत्राच्या संपादकाचा कटात सहभाग असल्याचा दुवाही त्याच्या जबानीतून मिळाला होता. या काळात तपास का पुढे सरकला नाही, याची चौकशी १९६६ मध्ये नेमलेल्या न्या. जीवनलाल कपूर आयोगाने केली. १९६९ च्या अहवालात आयोगाने पोलीस तपासातील गंभीर त्रुटी दाखवून दिल्या.

घटनेच्या वेळी १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता. त्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली. आज .३८, .४५५ व ९ मिलिमीटर यांसारख्या लष्करी व्यासांची शस्त्रे निषिद्ध वर्गात मोडतात. त्यांचा परवाना देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे.