सुटी होणारी जीप

जालन्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक बियाणं, दुसरी सळई. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि जालना बियाण्याचं गाव झालं. पुढे एमआयडीसीत भट्ट्या आणि रोलिंग मिल उभ्या राहिल्या आणि ते लोखंडाचंही गाव झालं. "जालना सोने का पालना" ही म्हण मात्र या दोन्हींच्या आधीची. सोनं म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक पिढीने आपापल्या परीने ठरवलं म्हणायचं.

मी सळईवाल्यांतला. आयुष्याची बरीच वर्षं एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला काढली. त्यामुळे मी प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून बनवलेल्या, मोटरवर चालणाऱ्या जीपबद्दल लिहायला बसलो म्हटल्यावर घरच्यांना हसू आलं. पण मंडळी, विषय वाटतो तितका पोरकट नाही. माझ्या पुण्याच्या भाच्याला या गाड्यांचा नाद लागला आणि त्याच्या निमित्ताने मी त्यांचा इतिहास शोधत गेलो. शेवटी माझ्या लक्षात आलं की हा सगळा इतिहास एकाच प्रश्नाचा आहे. दोन वस्तू एकमेकींना घट्ट धरतील आणि तरी हवं तेव्हा सुटतील, असा जोड करायचा कसा?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. वेल्डिंग केलं तर जोड पक्का, पण सुटत नाही. नुसतं टेकवून ठेवलं तर सुटतो, पण टिकत नाही.

खेळण्यांच्या जगात याचं पहिलं मोठं उत्तर लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी दिलं. १९०१ साली त्यांनी भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं. भोकांमधलं अंतर सगळीकडे सारखं, अर्धा इंच, आणि जोडायला नट-बोल्ट. पुढे याचंच नाव मेकॅनो झालं. आपल्याकडे त्याच धर्तीचं 'मेकॅनिक्स' आलं. माझ्या पिढीतल्या ज्यांच्या घरी तो डबा होता त्यांना ते हिरवे-लाल पत्रे आणि हरवलेले नट अजून आठवत असतील. ज्यांच्या घरी नव्हता ते शेजाऱ्यांकडे जाऊन बसायचे. असो.

दुसरं उत्तर डेन्मार्कमधून आलं. बिलुंड गावचे ओले कर्क क्रिस्तियानसेन हे सुतार. १९३२ साली मंदीत काम मिळेना म्हणून त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. दोन वर्षांनी कंपनीला 'लेगो' नाव दिलं. डॅनिशमध्ये 'छान खेळ' अशा अर्थाचे जे दोन शब्द आहेत, त्यांतून ते नाव झालं. १९४९ साली त्यांनी प्लास्टिकचे ठोकळे बाजारात आणले. कल्पना मुळात त्यांची नव्हती. ब्रिटनमधल्या हिलरी फिशर पेज यांनी तसे ठोकळे आधीच काढले होते, लेगोने त्यांवरूनच आपले केले. पण हे सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ होते. एकावर एक बसायचे खरे, पण जरा धक्का लागला की घर कोसळलंच.

खरी गोम सुटली ती २८ जानेवारी १९५८ ला. ओले कर्क यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी ठोकळ्याच्या आत नळ्या बसवण्याचं पेटंट दाखल केलं. वरचे उंचवटे खालून नळीत आणि भिंतीत असे दोन्हीकडून दाबून बसतात. नट नाही, बोल्ट नाही, डिंक नाही. केवळ घट्ट बसण्यावर सगळा भरवसा. आम्ही कारखान्यात बेअरिंग शाफ्टवर ठोकून बसवतो त्याला 'टाईट फिट' म्हणतो, तीच ही गोष्ट. फरक एवढाच की आमचं बेअरिंग काढायला पुलर लागतो आणि हा ठोकळा चार वर्षांच्या पोराच्या बोटांनी निघाला पाहिजे. आणि १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात आजही बसतो. आमच्याकडे एकाच मापाचे दोन बोल्ट एकाच दुकानातून आणले तरी बसतील याची खात्री नसते, म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक.

आता गाडी. चाक १९६२ ला आलं, रबरी टायरसकट. १९६६ ला साडेचार व्होल्टची मोटर आली, पण ती आगगाडीसाठी. आगगाडीला रूळ असतात, चढ नसतो, चिखल नसतो. मोटरने जीप चालवायची तर गिअर हवेत, शाफ्ट हवेत, स्टिअरिंग हवं. ते १९७७ ला आलं. ठोकळ्याच्या कुशीत आरपार भोकं पाडली, त्यांतून प्लास्टिकचे शाफ्ट घातले, ८, २४ आणि ४० दात्यांचे गिअर दिले. ही मालिका पुढे 'टेक्निक' नावाने ओळखली गेली.

इथे मला जे आवडलं ते सांगतो. दोन भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर. आता ८ दात्यांचा आणि २४ दात्यांचा गिअर एकमेकांत नीट बसायला शाफ्टमध्ये १६ मिलिमीटर अंतर लागतं, म्हणजे बरोबर दोन घरं. ८ आणि ४० ला २४ मिलिमीटर, म्हणजे तीन घरं. पोरगं कुठलंही गणित न करता भोकं मोजून गिअर लावतं आणि ते जुळतात, कारण गणित आधीच कोणीतरी करून ठेवलंय. हॉर्नबींची अर्ध्या इंचाची युक्ती आणि हे ८ मिलिमीटर, दोन्ही एकाच घराण्यातले.

गेल्या वर्षी भाचा जालन्याला आला तेव्हा ठोकळ्यांची पेटी घेऊनच आला होता. अंगणातल्या उतारावर त्याची जीप चढेना. मोटर फिरतेय, पण मधूनच कट् कट् आवाज येतोय आणि चाकं थांबताहेत.

"मामा, मोटर कमजोर आहे का रे?"

"मोटर नाही. दाते सुटतायत. वेग कमी कर, जोर वाढेल."

८ चा गिअर २४ च्या गिअरला फिरवतो तेव्हा वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर, घर्षणात जाईल तेवढा सोडून, तिप्पट होतो. अशा दोन पायऱ्या लावल्या की नऊपट. आमच्या मिलमध्ये मोटर आणि रोल यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो तो याचसाठी. पण भाच्याने दोन पायऱ्या मोटरजवळच लावल्या आणि नवीन भानगड झाली. आता शाफ्टलाच पीळ पडायला लागला! मिलमध्येही वाढलेला जोर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टवर येतो, म्हणून तो शाफ्ट आम्ही मांडीएवढा जाड ठेवतो. प्लास्टिकमध्ये तशी सोय नाही. मग उपाय एकच. शाफ्ट वेगाने आणि हलका फिरू द्यायचा आणि जोर वाढवायची शेवटची पायरी थेट चाकाजवळ ठेवायची.

गंमत म्हणजे खऱ्या गाड्यांनीही हेच केलं आहे. मर्सिडीजच्या युनिमॉगमध्ये शाफ्ट चाकाच्या मध्यावर न येता त्याच्या वर येतो आणि चाकाजवळची गिअरची जोडी तो फेरा खाली उतरवते. जोर वाढतो आणि गाडीचं पोटही दगडांपासून उंच राहतं. २०११ साली लेगोने याच युनिमॉगचं मॉडेल काढलं, त्यात हे सगळं आहे. त्याआधी २००७ ला रिमोटवर चालणाऱ्या मोटरी आल्या होत्या आणि २०१२ ला पूर्ण 'फोर बाय फोर क्रॉलर' आला. चारही चाकं ओढणारी, चारही वळणारी. ते रिमोट इन्फ्रारेडचे होते, भर उन्हात नीट चालत नसत. मराठवाड्यात खेळायचं तर संध्याकाळीच :) टेक्निकमध्ये २०१९ च्या गाडीपासून मोबाइलवरून चालवायची सोय झाली.

हे सगळं परदेशातलं झालं. पण आपल्याकडची खरी जीप तरी कुठे तयार होऊन आली होती?

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात. विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. लढाई संपल्यावर २ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. तिच्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही, आणि १९४८ ला कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीप जोडायला सुरुवात झाली. जोडायला, बनवायला नव्हे. पहिल्या खेपेच्या ७५ गाड्या खोक्यांतून सुट्या भागांच्या रूपात आल्या होत्या. म्हणजे विचार करा, आपल्या देशातल्या जीपची सुरुवात एका मोठ्या 'किट'ने झाली. खोकं उघडायचं, भाग ओळखायचे, क्रमाने बसवायचे. जोडता जोडता एकेक भाग इथे बनायला लागला आणि पुढे अख्खी गाडी इथली झाली.

त्याच जीपची नातवंडं आपल्या काळी-पिवळी. जालन्याहून भोकरदन, अंबड, परतूर, मंठा, कुठेही जायचं तर एसटी नाहीतर काळी-पिवळी. आत किती माणसं मावतात याचा हिशेब कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पण ती बंद पडली तर रस्त्याकडेचा मिस्त्री चार पान्यांत आणि एका जॅकवर तिचं क्राउन-पिनियन खाली उतरवायचा. कमानपाटे, चासी, बोल्ट, सगळं डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं. त्या मिस्त्रींपैकी बहुतेकांनी कॉलेज पाहिलं नव्हतं. उघडता उघडता शिकले. मी मिलमध्ये ज्यांच्या हाताखाली तयार झालो तेही असेच.

या ठिकाणी एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याला टेल्कोत नोकरीला, म्हणजे ट्रक बनवण्याच्या कामात. १९७८ साली रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथे खेड्यातल्या शाळांत कुठलं मेकॅनो आणि कुठलं लेगो! त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे केले आणि काड्यापेटीच्या काड्या त्यांत खुपसल्या. झाला जोड. घट्ट बसणारा, सुटणारा, आणि काही पैशांत होणारा. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चार काड्यांचा चौकोन कलतो, हे पोराला हाताने कळतं. आणि मोटर? एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, तांब्याच्या इनॅमल तारेचं एक वेटोळं. तारेच्या टोकांवरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं नाही, एक बाजू तशीच ठेवायची, तरच वेटोळं फिरत राहतं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं अशी खेळणी केली. २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. ट्रकच्या कारखान्यातला माणूस काड्यांच्या जोडाकडे वळला यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे प्रश्न तोच होता.

हे मी एवढं पाल्हाळ का लावतोय?

आमच्या एमआयडीसीत भंगाराचे ट्रक येतात. त्यात कधीकधी जुन्या गाड्यांचे तुकडेही असतात. कापलेली चासी, वाकलेले पाटे, एखादं डिफरन्शियलचं हौसिंग. दीड हजार अंशांच्या वर सगळं वितळतं, बिलेट होतात, बिलेटची सळई होते आणि सळई कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाते. यात वाईट काही नाही, आमचं पोट त्याच्यावर आहे. लोखंड वाया जात नाही. पण गाडी भट्टीत गेली की ती कशी जोडली होती हे ज्ञान तिच्यासोबत जातं. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर वर प्लास्टिकचं झाकण, खाली सेन्सर, आणि बिघाड सांगायला स्कॅनर. गाड्या चांगल्या झाल्या, सुरक्षित झाल्या, धूर कमी झाला, हे मान्यच. पण रस्त्याकडेच्या मिस्त्रीचा पोरगा आता उघडणार काय आणि शिकणार काय?

म्हणून भाच्याच्या त्या प्लास्टिकच्या जीपकडे मी निव्वळ महागडं खेळणं म्हणून बघत नाही. महाग आहेच. २०२० साली आयात खेळण्यांवरची जकात २० वरून ६० टक्क्यांवर नेली, पुढे ती ७० झाली, आणि जालन्यातल्या किती घरांत अशी पेटी येऊ शकेल हे मला चांगलं माहीत आहे. पण ती गाडी बंद पडली की पूर्ण उघडते. का बंद पडली हे दिसतं. सगळे तुकडे परत डब्यात जातात आणि उद्या दुसरी गाडी होते. काळी-पिवळी बरीच वर्षं आमच्या रस्त्यांवर हेच काम करत होती, फक्त तिला कुणी खेळणं म्हणालं नाही.

ज्यांना ती पेटी परवडत नाही त्यांच्यासाठी व्हॉल्व्हट्यूब आणि काड्या अजून मिळतात. आणि जालन्यात तर त्याहून मोठी सोय आहे, भंगार! भाचा दिवाळीत येणार आहे. एखाद्या जुन्या जीपचं डिफरन्शियल भट्टीत जाण्याआधी वजनावर विकत घ्यायचं, रॉकेलने धुवायचं आणि अंगणात पोतं अंथरून गल्लीतल्या पोरांना ते उघडायला लावायचं, असं ठरवलंय. पाने मी देईन. उघडायचं त्यांनी.