इन्शुलीन ग्राही आणि पेशीतील संदेशवाहक प्रथिने

इन्शुलीन ग्राही : पेशीपटलात रुतलेले, रक्तातील इन्शुलीनचा संदेश पेशीत पोचवणारे प्रथिन. त्याचे जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे. ग्राहीत दोन आल्फा व दोन बीटा उपघटक असतात. आल्फा पेशीबाहेर, तर बीटा पटल भेदून आत उतरलेले.

इन्शुलीन आल्फा उपघटकांना जुळले की ग्राहीची ठेवण बदलते आणि बीटा उपघटक एकमेकांच्या टायरोसीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवतात. ग्राही स्वतःच टायरोसीन कायनेज विकर असल्याचे १९८२ मध्ये उघड झाले. त्यानंतर आयआरएस प्रथिने ग्राहीला बिलगतात व त्यांच्याही टायरोसीनांवर फॉस्फेट बसते. आयआरएस स्वतः विकर नाही. इतर प्रथिनांना एकत्र आणणे हेच त्याचे काम, आणि साऱ्या साखळीचा भार त्यावरच असतो. पीआय-३ कायनेज त्याला जोडले जाऊन पटलातील मेदाचे पीआयपी-३ बनवते. त्यामुळे एकेटी हे विकर कार्यान्वित होते. मग स्नायू व मेदपेशींत ग्लूट-४ हे वाहक प्रथिन पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत घेते, स्नायू व यकृतात ग्लायकोजेन साठते. शिवाय ग्रब-२ व रास प्रथिनांमार्फत पेशीवाढीचा संदेश वेगळ्या वाटेने जातो.

संदेश थांबवणेही तितकेच आवश्यक असते. पीटीपी-१बी हे विकर टायरोसीनवरचे फॉस्फेट काढते. आयआरएसच्या सेरीन या विशिष्ट अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसले तरी संदेश मंदावतो. स्नायू व यकृतात मेद साचल्याने असे घडते, हे इन्शुलीन-रोधाचे, म्हणजे पेशी इन्शुलीनला पुरेशी दाद न देण्याचे, एक महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे. ग्राही शाबूत असूनही रक्तशर्करा वाढते, ती अशा बिघाडामुळे.

महाराष्ट्राला हा विषय जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचा शरीरभारांक २२.३, पण मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांत २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा माणूस इन्शुलीन-रोधापासून सुरक्षित असतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो आढळले. वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांच्या त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता; दुसऱ्या एका अभ्यासात पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलीन लंडनच्या बाळांपेक्षा अधिक आढळले.