हृदयविकाराचे वय : एका समजुतीचा इतिहास (थ्रेड)

१/ पुण्याचा आगाखान पॅलेस. १५ ऑगस्ट १९४२ रोजी येथे स्थानबद्धतेत महादेवभाई देसाई हृदयविकाराच्या झटक्याने गेले, वय ५०. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी याच वास्तूत हृदयविकाराने व श्वसनाच्या आजाराने खंगलेल्या कस्तुरबांनी प्राण सोडला, वय ७४. एका मृत्यूला आपण अकाली म्हणतो, दुसरा वार्धक्याच्या खात्यात टाकतो. हृदयविकाराचे नेमके वय कोणते?

२/ त्या काळी वाढता रक्तदाब हा वयाचाच भाग मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला. एप्रिल १९४५ मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले.

३/ १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद झाली आणि दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी सुरू झाली. आजारी माणसाऐवजी निरोगी माणसावर लक्ष ठेवायचे, ही यातली खरी नवी गोष्ट. १९६१ साली याच अभ्यासातून 'जोखमीचे घटक' ही संज्ञा रूढ झाली.

४/ त्याआधीच, १९५३ साली, एक धक्कादायक नोंद प्रसिद्ध झाली होती. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनात सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत विकाराच्या खुणा आढळल्या. त्यांचे सरासरी वय होते अवघे २२.

५/ भारतात १९६७ साली, मुंबईच्या पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १८ ते ५५ वयाच्या अकरा लाखांहून अधिक रेल्वे कर्मचाऱ्यांतील मृत्यूंचा अभ्यास मांडला. दक्षिणेत या विकाराचे मृत्यू उत्तरेच्या सुमारे सातपट होते; मृत्यूचे सरासरी वय दक्षिणेत ४४, उत्तरेत ५२. म्हणजे हा केवळ म्हातारपणाचा आजार नव्हता.

६/ पुढे वय आणखी मागे सरकले. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतील गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमध्ये ३.५ किलो. मात्र आपली बाळे स्नायूंनी कृश असली, तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेने राखलेली होती. मधुमेह व हृदयविकाराच्या जोखमीचा धागा असा गर्भापर्यंत पोहोचला.

७/ मग हे आपले प्राक्तनच का? नाही. ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासानुसार दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३, इतरत्र सुमारे ५९. पण तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, रक्तातील चरबी यांसारखे घटक हिशेबात धरले की कोवळ्या वयातील झटक्यांमधला हा फरक जवळपास पुसला जातो. हे घटक आपल्याला लवकर गाठतात, एवढेच.

८/ वयानुसार त्यांचे वजनही बदलते. धूम्रपानाचा घाव तरुणांत अधिक तीव्र. पन्नाशीच्या आत रक्तदाबाचा खालचा आकडा अधिक बोलका, साठीनंतर वरचा. स्त्रियांची जोखीम रजोनिवृत्तीनंतर वाढते.

९/ मालेगावात मोसमकाठी यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. बारा तासांची पाळी, सोबतीला चहा, बिडी, तंबाखू. आणि मागावर उभा राहणारा मुलगा अनेकदा विशीतलाच. 'अजून वय कुठे झालंय' असे त्याला घरचे म्हणतात. इतिहास सांगतो, वय झालेले आहे. रक्तदाब मोजायला चाळिशीची वाट पाहण्याचे कारण नाही. तंबाखू सोडायला तर नाहीच.