बळदातला डबा

जून २०१९ मधली गोष्ट. पाऊस लागायच्या आत गावाकडचं जुनं घर पाडायचं ठरलं होतं, म्हणून दोन दिवस सुट्टी टाकून बीडला गेलो. घराला सगळे 'वाडा' म्हणायचे, पण डोळ्यापुढे पेशवाई वगैरे आणू नका. चार खणांचं माळवद. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचं धाबं. आणि मागच्या भिंतीत बळद.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी खुलासा: बळद म्हणजे दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत केलेलं धान्याचं कोठार. माळवदावरच्या भोकातून ज्वारी ओतायची आणि खाली भिंतीत एक छोटं तोंड असतं, तिथून लागेल तशी काढायची. आमच्या बळदात गेली वीस-पंचवीस वर्षं ज्वारी नव्हती, उंदीर होते.

त्या तोंडाच्या आत, हात कोपरापर्यंत घातला की डावीकडे एक दगड सुटा होता. मजुराची पहार लागली तेव्हा तो निघाला आणि मागून एक पितळी डबा आला. सगळं काम थांबलं. पाच मिनिटांत अर्धी आळी अंगणात. "हंडा सापडला!" (आमच्याकडे कुणी अचानक नवीन ट्रॅक्टर घेतला तरी लोक हेच म्हणतात. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, धनावर नाग बसलेला असतो, सगळं ऐकत मोठा झालोय.)

डब्यात दोन गोष्टी होत्या. खाली, फडक्याच्या पुरचुंडीत, चारमिनार छापलेले अकरा चांदीचे रुपये. आणि वर, प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून, पाचशेच्या शेहेचाळीस जुन्या नोटा. तेवीस हजार रुपये. आज्जी २०१८ मध्ये गेली होती आणि नोटा त्याच्याही सव्वा वर्ष आधी गेल्या होत्या.

आधी त्या खालच्या रुपयांबद्दल, कारण वरच्यांचं कारण मला तिथेच सापडलं.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता हे शाळेत एका ओळीत शिकवतात. पण त्या एका ओळीत एक अख्खं वेगळं चलन लपलेलं आहे. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, 'हाली सिक्का'. हाली म्हणजे सध्याचा, चालू. आपण बोलताना 'हल्ली' म्हणतो ना, तोच शब्द. इंग्रजांच्या रुपयाला आपल्याकडे 'कलदार' म्हणत. हाली रुपयावर चारमिनार असे आणि त्याच्या कमानीत निजामाच्या नावाचं पहिलं अक्षर: महबूब अली खान असेल तर 'मीम', उस्मान अली खान असेल तर 'ऐन'. आमच्या अकरापैकी नऊ 'ऐन'चे निघाले. वजन साधारण ११.२ ग्रॅम आणि त्यात सुमारे ८२ टक्के चांदी. १९१८ पासून कागदी नोटाही निघाल्या, आणि त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही किंमत लिहिलेली असे.

आज्जीचं माहेर आष्टी तालुक्यातलं, म्हणजे अगदी सरहद्दीवर. पलीकडे नगर जिल्हा (आता अहिल्यानगर), तिकडे कलदार. अलीकडे हाली. बाजार जामखेडचा, त्यामुळे घरात दोन्ही पैसे असायचे. १९४७ च्या अखेरीस निजाम सरकारने वटहुकूम काढून भारताचं चलन संस्थानात अवैध ठरवलं. मौल्यवान धातू बाहेर न्यायलाही बंदी घातली. दिल्लीशी झालेल्या 'जैसे थे' कराराची शाई वाळली नव्हती तोवर हे झालं, आणि भांडण पेटायला तेही एक कारण ठरलं. इतिहासाच्या पुस्तकात हा राजनैतिक मुद्दा आहे. आज्जीच्या घरात मात्र याचा अर्थ एवढाच की कलदार लपवायचे.

मग रझाकारांचा काळ आला. सरहद्दीवरची गावंच्या गावं उठून पलीकडे गेली. आज्जी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तिच्या वडिलांनी जाताना होती नव्हती ती चांदी ज्वारीच्या पेवात, धान्याच्या तळाशी घातली, वर माती लोटून शेण सारवलं आणि बैलगाडी जुंपली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, १३ ते १७, मोजून पाच दिवस. हे लोक परत आले तेव्हा घराची कवाडं नव्हती, भांडी नव्हती, गुरं नव्हती. पेव मात्र तसंच होतं. ही गोष्ट आज्जी मला किमान पन्नास वेळा सांगायची आणि दरवेळी शेवट एकच, "पेव ऱ्हायलं म्हणून आमी ऱ्हायलो." शेजारच्या एका सावकाराचे मात्र सगळे पैसे लोकांकडे 'लिहिलेले' होते. त्याची वही जळाली.

पुढची दहा वर्षं तर पैशाच्या बाबतीत गंमतच आहे. १९५० पासून भारताचा रुपया हालीच्या बरोबरीने चालू झाला, दर सात हालीला सहा कलदार. दुसरीच्या मुलाला विचारलं तरी चक्कर येईल असा भागाकार, आणि तो बाजारात उभं राहून, आण्या-पैशांत करायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले. आणि १९५९ मध्ये हाली रुपया कायमचा बंद. लग्न होऊन आलेल्या एका अंगठाबहाद्दर मुलीने पंचविशी ओलांडायच्या आत तीन प्रकारचे पैसे शिकले आणि त्यातला एक मेलेला बघितला. पण मेला तो फक्त शिक्का. चांदी तशीच राहिली. अकरा रुपये बळदात गेले ते बहुतेक याच सुमारास.

बँक नव्हती का? होती. हैदराबाद स्टेट बँक १९४१ सालची, तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. पण ती तालुक्याला. बाईमाणसाने तालुक्याला जाऊन काउंटरवर पैसे द्यायचे म्हणजे घरातल्या कुठल्यातरी पुरुषाला सोबत न्यायचं, आणि लपवायचं तर त्याच्यापासूनच असायचं! म्हणून उतरंडीचं शेवटचं मडकं, गोधडीचा अस्तर, देव्हाऱ्यामागचा कोनाडा. १९७८ च्या जानेवारीत मोरारजी सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या नोटा बंद केल्या, तेव्हा आमच्या गावात कुणाला पत्ताही लागला नाही. हजाराची नोट पाहिलेला माणूसच नव्हता.

आता वरच्या नोटा.

आज्जीला श्रावणबाळ योजनेची पेन्शन होती, तेव्हा महिना सहाशे. तेवीस हजार म्हणजे अडतीसेक महिन्यांची. पेन्शन मिळायची बहुतेक शंभराच्या नोटांत. पण शंभराच्या दोनशे तीस नोटांची गड्डी त्या दगडामागे मावली नसती. म्हणून ती पाच शंभराच्या साठल्या की किराणा दुकानातून एक बंदी पाचशेची करून आणायची. दुकानदाराने आम्हाला हे नंतर सांगितलं. शंभराच्याच ठेवल्या असत्या तर आज चालल्या असत्या. मी प्रोग्रॅमर माणूस, जागा वाचवायला कॉम्प्रेस केलेली फाईल पुढे उघडतच नाही हा प्रकार ओळखीचा आहे. पण तिथे अंगणात उभं राहून हे सुचलं तेव्हा हसू नाही आलं.

८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी गावी होतो. देशातल्या चलनाच्या किमतीपैकी ८६ टक्के एका रात्रीत बंद झालं होतं. आमच्या भागात ते दिवस ऊसतोडीचे. दसऱ्याच्या पुढेमागे मुकादमाकडून उचल घ्यायची, ती रोख, आणि दिवाळीनंतर जोडीने कारखान्यावर जायचं. एका जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, आणि उचलीतले उरलेले पैसे. रांगेत उभं राहायचं कुणी? त्यातच १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. खेड्यात बँक म्हणजे जिल्हा बँकच. उरली तालुक्याची शाखा, आणि बदलून मिळायची मर्यादा दर दोन-चार दिवसांनी बदलत होती. शेवटी २४ तारखेनंतर बदलणंच बंद, फक्त खात्यावर भरायचे.

तर त्या शनिवारी ओसरीवर वडिलांनी आज्जीला विचारलं, "आई, काही ठेवलं असलं तर दे. तीस डिसेंबरनंतर रद्दी होणारंय." सगळे बसले होते. मी, आई, आत्या आणि धाकटे काका. काकांचं तेव्हा पिणं जोरात होतं, आज्जीच्या पाटल्या त्यांनीच मोडल्या होत्या. आज्जीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "माह्याकडं कुठलं आलंय लेकरा?"

मी वर शहाणपणा केला. मोबाईलवर बातमी वाचून दाखवली, की बायकांच्या खात्यावर अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी नाही. ती म्हणाली, "बरं झालं बाई." विषय संपला. नंतर एकट्यात तिला विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. मला तर नाहीच. मी रविवारी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत आलो.

आपण एकटेच नव्हतो हे नंतर कळत गेलं. तिरुपूर जिल्ह्यातल्या दोन वृद्ध बहिणींनी अंत्यसंस्कारासाठी आणि उपचारासाठी साठवलेले ४६,००० रुपये २०१९ च्या नोव्हेंबरात घरच्यांसमोर काढले, तेव्हा त्यांना नोटाबंदीच माहीत नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या हिशोबाने बंद झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. उरलेल्या ०.७ टक्क्यांतसुद्धा दहा हजार कोटींहून जास्त रुपये आहेत. त्यात काळं किती आणि बळदातलं किती, हे कोण मोजणार?

कायद्याची बाजू पाहिली तर आणखी मजा. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त जुन्या नोटा बाळगणं गुन्हा आहे (नाणी-नोटांच्या अभ्यासकांना पंचवीस). दंड दहा हजार किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, यात जे जास्त असेल तिथपर्यंत. म्हणजे आज्जीचे तेवीस हजार आम्हाला एक लाख पंधरा हजारांना पडू शकत होते. आणि १८७८ चा गुप्तधनाचा कायदा म्हणतो की जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या गोष्टीत दडवलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. भिंत जमिनीला जोडलेलीच असते. अकरा रुपये होते, एक जास्त झाला! :)

वडिलांनी दहा नोटा मोजून वेगळ्या काढल्या. बाकीच्या छत्तीस काकांनी स्वतः चुलीत घातल्या. काकांनी २०१७ नंतर दारू सोडली आहे. ते चुलीपुढे बराच वेळ बसून होते आणि कुणी त्यांच्याशी काही बोललं नाही. चांदीचे रुपये आत्याला पाच आणि बाकीचे सुनांना दिले. तिने कशासाठी साठवले होते याचा अंदाज प्रत्येकाने आपापला बांधला. आत्या म्हणते पंढरीच्या वारीला, आई म्हणते स्वतःच्या तेराव्याला. काका काही म्हणत नाहीत.

आता म्हणाल, जुनी माणसं, जुने दिवस, आता यूपीआय आहे. २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या, तेव्हा गावात ज्यांनी घरात ठेवले होते ते शहाणे ठरले. त्याच वर्षी मे महिन्यात दोन हजाराच्या नोटा मागे घेतल्या, आणि आईने तांदळाच्या डब्यातून चार काढून माझ्या हातात दिल्या. मला धक्काच बसला. आईचं बँकेत खातं आहे, एटीएम कार्ड आहे, ती फोनवरून विजेचं बिल भरते.

मागच्या आठवड्यात हे लिहायला घेतलं तेव्हा तिला फोन केला आणि सरळ विचारलं, "आई, अजून कुठे कुठे ठेवलेत, सांगून ठेव."

ती म्हणाली, "तुझा फोन स्पीकरवर आहे का?"

होता. बायको आणि मुलगी शेजारीच बसल्या होत्या.

"मग ये तेव्हा सांगते," म्हणाली, आणि पावसाचं विचारायला लागली.