भांडणाला जागा कोण करून देतं?

कामाच्या ठिकाणचे खटके आणि अवघड माणसांशी बोलणं शिकवायचं म्हटलं की बुलडाणा जिल्ह्यात काय, कुठेही काय, दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, ‘बोलायला काय शिकायचं?’ आणि दुसरं, ‘आधी आमच्या साहेबांना पाठवा.’ दुसऱ्यावर सगळे हसतात आणि प्रशिक्षक पुढची स्लाइड लावतो. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना मी सुचवीन की ते दुसरं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

पेरणीच्या तोंडावर मोताळ्याच्या किंवा संग्रामपूरच्या एखाद्या सेवा केंद्रात तासभर बसलं तरी विषयाची ओळख होते. निंदण-वेचणीत बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्र अंगठा घेत नाही. केंद्रावरची मुलगी म्हणते, ‘काका, हात पुसून परत ठेवा.’ पुन्हा नाही. परत पुसतात, परत नाही. मग आवाज चढतो : ‘काऊन नाही होत? मागच्या खेपेला तर झालं होतं!’ मागून कुणीतरी पुस्ती जोडतं, ‘पैसे पायजेत, दुसरं काय.’ मुलीचा चेहरा पडतो, पुढच्या माणसाशी ती तुसडेपणाने बोलते आणि तोही तापतो. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत पहिल्या काकांना ‘अवघड ग्राहक’ म्हणतात. त्यांचा त्या दिवशीचा दोष एवढाच की बँक, तलाठी आणि केंद्र अशी तिसरी चक्कर झाली होती. यंत्र ना त्यांच्या हातात, ना तिच्या. शिवाय बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला वऱ्हाडी बोलण्याचा ठसका सुरुवातीला उद्धटपणाच वाटतो, ही भर वेगळीच.

या अभ्यासाचा एक मोठा उगम मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी विदुषीच्या १९२५च्या व्याख्यानात सापडतो. तिने दिलेलं एक उदाहरण आपल्या बाजार समितीत सहज खपेल. दूध उत्पादकांची एक सहकारी संस्था फुटायच्या बेतात आली होती. दूध उतरवायचा धक्का डोंगरउतारावर. वरून येणारे म्हणत आमचे कॅन आधी उतरवा, खालून येणारे म्हणत आमचे. कुणाला तरी दाबून गप्प बसवता आलं असतं, किंवा एक दिवस तुम्ही, एक दिवस आम्ही अशी तडजोड झाली असती. झालं तिसरंच. धक्क्याची जागा अशी बदलली की दोघांनाही एकाच वेळी माल उतरवता यावा. दाबणं, तडजोड आणि मेळ असे हे तीन मार्ग तिने मांडले. माझ्या मते या शाखेतलं त्यानंतरचं बरंचसं लेखन तिच्या तिसऱ्या मार्गाभोवतीच घुटमळतं.

पुढे १९७४मध्ये थॉमस आणि किलमन यांनी तीस जोड्यांची प्रश्नावली तयार केली. भांडणात आपण भिडतो, टाळतो, नमतं घेतो, तडजोड करतो की एकत्र तोडगा शोधतो, हे तिच्यातून कळतं. प्रशिक्षणवर्गांत ती आजही चालते. वापरा, पण जपून. तहसील कार्यालयातला कारकून ‘उद्या या’ म्हणतो तेव्हा प्रश्नावलीच्या हिशेबात तो ‘टाळणारा’ ठरतो. सही करायचा अधिकार त्याच्याकडे नाही आणि साहेब मीटिंगला गेले आहेत, हे मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

धक्का हलवण्याचा जवळचा दाखला जिल्ह्यातच आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानातले सेवाधारी प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणतात, याचं कौतुक राज्यभर होतं. संस्थानाची धुरा वाहिलेले आणि २०२१मध्ये निवर्तलेले शिवशंकरभाऊ पाटील यांच्या कारभाराचे धडे व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून दिले जातात. ऐकणारे बहुधा ‘माऊली’ तेवढं उचलतात आणि आपल्या स्वागतकक्षात पाटी लावतात. पण सुट्टीच्या दिवशी दर्शनबारीत उभं राहून पाहा. रांग कुठून कुठे जाते ते स्पष्ट असतं, डोक्यावर छत असतं, प्यायला पाणी असतं, पुढे महाप्रसाद असतो. चिडायची कारणं आधीच कमी केलेली असतात, मग गोड शब्दाला फारसं ओझं पेलावं लागत नाही. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सेवाधारी पाळीपाळीने येतात, ठरलेले दिवस विनामोबदला सेवा करतात आणि आपल्या शेतीकडे परततात. वर्षभर त्याच खिडकीत बसून हसत राहायची सक्ती त्यांच्यावर नाही.

ती सक्ती ज्यांच्यावर असते त्यांचा विचार समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३मध्ये केला. विमानातल्या सेविकांना पगारासाठी हसू आणावं लागतं, याला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. एसटीचा वाहक, आशाताई, बँकेतली कंत्राटी मुलगी हे सगळे तेच श्रम करतात. ‘ग्राहकाशी नम्र राहा’ असं शिकवून आपण त्यांच्या कामात भर घालतो, हे प्रशिक्षकाने विसरू नये. दिवसाकाठी दहा मिनिटांची विश्रांती आणि ‘हे माझ्या हातात नाही, अमुक खोलीत जा’ असं सांगायची मुभा मिळाली, तर अर्धा अभ्यासक्रम गाळता येईल.

१५ ऑगस्ट २००७ला सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीमही वाचकाने या नजरेने तपासावी. दोन्ही घरं ओळखणारी माणसं मध्ये बसली की वाद लवकर सुटतो, हे खरं. पण तंटामुक्त गावाचं बक्षीस समोर दिसत असताना दुबळ्या बाजूवर सहीसाठी दबाव येऊ शकतो. फॉलेटच्या भाषेत ते दाबणंच झालं, मग कागदावर समझोता लिहिलेला असो.

शेवटी हद्दीचं सांगायला हवं. काही माणसं ‘अवघड’ नसतात, ती कायदा मोडत असतात. लैंगिक छळाची तक्रार संवादकौशल्याच्या वर्गात सोडवायची नसते. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या बाईला, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. खामगावच्या जिनिंगमधली मजूर असो की चिखलीच्या दुकानातली सेल्सगर्ल, तिला समजुतीने घ्यायला शिकवण्याआधी त्या समितीचा पत्ता फळ्यावर लिहावा.